परक्या बाईची झोळी

तो फोटो चर्चात लावला तेव्हा सारं गाव रडलं, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फोटोत धुकं. गुडघाभर चिखल. डोळ्यांना पट्टी बांधलेला गोरा सोजीर, आणि त्याचा हात धरून चालणारा माझा नवरा, हंदारी. गोऱ्यांच्या लढाईत ओझी वाहायला नेला होता, तो परत आलाच नाही. पाद्रीबाबा म्हणाले, "केवढी माया आहे बघा या हातात!" हात कसला बघता? त्याच्या गळ्यातली झोळी बघा की! सगळी नागमोडी वीण. आमच्याकडे अशी वीण कुणी घालत नाही, आणि पुरुषाला झोळी विणून देते ती त्याची बायको.

म्हणजे मेला नव्हता तर. डोंगरापलीकडे दुसरीच्या चुलीशी बसून भाजलेले अळूचे कंद खात होता.

पहाटे स्वप्नात यायचा. त्याच धुक्यात, पाठमोरा. मी ओरडायची, "मेल्या, कुणाची रे ती?" तो ओंजळीत पाणी घेतल्यासारखा जपून चालत राहायचा. मग कोंबडं आरवायचं.

कितीतरी वर्षांनी एका दुपारी फोटोपुढे एक अनोळखी बाई उभी दिसली. खांद्यावर तीच झोळी, झिजून जाळी झालेली.

"सापडलीस गं सटवे!" झिंज्या धरायच्याच बाकी राहिल्या. "नवरा कुठाय माझा?"

ती फोटोकडेच बघत म्हणाली, "ही मी माझ्या माणसाला विणली होती. तोही ओझी वाहायला गेलेला, वाटेत तापानं गेला. सोजिराला पोचवून हा झोळी परत द्यायला माझ्या दारी आला. झोळीत माझ्या माणसाचे केस होते. याचं गाव विचारायचंही मला सुचलं नाही बाई. फोटोचं कानावर आलं, म्हणून डोंगर उतरून आले."

मी विचारलं, "आणि हा?"

"नदीला पूर होता. म्हटलं, दादा, दोन दिवस थांब. तर हसला. म्हणाला, बायको जिभेची तिखट आहे, उशीर झाला तर सोलून काढेल. आणि उतरला पाण्यात. पलीकडे निघालेला मला दिसला नाही."

आम्ही तिथेच बसलो. मी सुपारी फोडून अर्धी तिला दिली. दोघींनाही चावेना.

अजून येतो तो स्वप्नात. मी ओरडत नाही. म्हणते, पूर उतरू दे रे. सावकाश ये.