तीन माईक, चार नमुने

लेकीने फ्रीजचा प्लग काढला, पंखा बंद केला आणि खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. मग खोलीच्या मधोमध उभी राहून तिने कानोसा घेतला. भिंतीवरचं घड्याळ राहिलं होतं. ते उतरवून तिने न्हाणीघरात नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं.

“नळ ठिबकतोय,” हेडफोन लावून बसलेली आई म्हणाली.

“तुला इथून ऐकू येतंय?”

“मला कसलं येतंय! तुझ्या या बाहुल्याला येतंय.”

बाहुलं म्हणजे टेबलावर उभा केलेला माईक. त्याच्या मागे दोन खुर्च्यांवर रजई टाकून तंबू केला होता. तोंडापुढे भरतकामाच्या गोल चौकटीवर पायमोजा ताणून बसवला होता, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना सुटणारी हवा थेट आत घुसू नये. कंडेन्सर माईक ही जातच मुळी हावरी. साधा माईक तोंडाजवळचं तेवढं ऐकतो, हा मात्र वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी नोंद घेतो. लेकीने नळाखाली फडकं टाकलं तेव्हा कुठे घर गप्प झालं.

आई ताठ बसली होती. घरातल्या घरात काम, म्हणून ढगळ कपड्यांत बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने इस्त्रीचे कपडे घातले होते, केस विंचरले होते. उभं आयुष्य तिने रेडिओवर बातम्या वाचल्या. लोक तिला नावाने कमी आणि ‘बातम्यांच्या बाई’ म्हणून जास्त ओळखत. निवृत्तीनंतर थोडे दिवस समारंभांची बोलावणी आली, मग ती विरळ झाली, मग थांबलीच. आणि आता अचानक एका प्रकाशकाचा फोन आला होता. एका जाडजूड कादंबरीचं त्याला बोलकं पुस्तक करायचं होतं आणि ती बाईंनीच वाचावी असं त्याच्या मनात होतं. स्टुडिओचे जिने चढायला आईचे गुडघे तयार नव्हते, म्हणून रेकॉर्डिंग घरी करायचं ठरलं. फक्त आधी एक नमुना पाठवायचा होता, आज संध्याकाळपर्यंत.

त्या फोनपासून आई हवेत होती. सकाळी उठल्या उठल्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, थंड पाणी बंद, आणि दूधवाल्याशीसुद्धा प्रत्येक अक्षराचा मान राखून बोलणं. इतक्या वर्षांनी आईला असं पाहून लेकीला बरं वाटत होतं. आणि धास्तीही वाटत होती, कारण माईक घरात आल्यापासून एक गोष्ट तिला कळून चुकली होती आणि आईला कळली नव्हती.

माईक निवडायचं काम लेकीकडे होतं. तिने इंटरनेट पालथं घातलं. निम्मे लोक म्हणत होते, पैसे साठवा आणि एकदाच भारीतला घ्या. उरलेले म्हणत होते, माईकपेक्षा खोली महत्त्वाची, आधी पडदे घ्या. दोघांचं ऐकून तिने स्वतःचंच खरं केलं आणि परवडण्याजोगे तीन माईक हेरले. माईकवाला भला माणूस होता. घरी न्या, वापरून बघा, आवडेल तो ठेवा आणि बाकीचे खोक्यासकट परत करा, असं म्हणाला. वर हसून म्हणाला, “बाईंच्या आवाजाला कुठलाही चालेल हो. लहानपणापासून ऐकतोय.”

पहिला काळा. त्याची वायर सरळ कॉम्प्युटरला लागायची, सोय उत्तम, पण कुणी बोलत नसलं की तो स्वतःच मागे बारीक ‘सूं’ करत राहायचा. दुसरा बुटका. तो ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी करून ठेवायचा. तिसरा चंदेरी. त्याला वीज पुरवायला वेगळी डबी लागत होती, पण आवाज भरदार होता, मागे सूं नाही, शिट्टी नाही. पहिल्या दिवशी लेकीने तो उलटा ठेवून आईला त्याच्या पाठीशी बोलायला लावलं आणि “हा बहिरा आहे” असा शेरा आईकडून मिळवला, तो भाग वेगळा.

सरळ ठेवल्यावरही शेरा फार सुधारला नाही.

“यात वाळू आहे,” आई म्हणाली होती. काळ्यात वाळू, बुटक्यात वाळू आणि चंदेरीत तर सगळ्यात जास्त. “स्वस्तातला माल, दुसरं काय. आवाज आत जाईपर्यंत ठीक असतो, बाहेर येताना खरवडून येतो.”

लेकीने प्रत्येक रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. वाळू माईकमध्ये नव्हती. वाक्याच्या शेवटी आईचा आवाज खाली उतरला की तिथे खरखर यायची, आवाज थोडासा थरथरायचा, आणि चंदेरी माईक सगळ्यात चांगला होता म्हणून तो ती सगळ्यात स्वच्छ दाखवायचा. एवढी साधी गोष्ट. पण ती आईला कुणी सांगायची? ज्या बाईने कधी एक शब्द अडखळू दिला नाही, तिला तिच्याच घरात बसून लेकीने सांगायचं? लेकीची जीभ रेटत नव्हती.

म्हणून तिने आज आपल्या धंद्यातली युक्ती काढली होती. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. “हे स्पष्ट दिसतं की हे? पहिलं की दुसरं?” असं दिवसभर विचारून तिला एक कळलं होतं, की माणसं डोळ्यांनी कमी बघतात आणि ठरवून जास्त बघतात. एखादं गिऱ्हाईक फार छाती ठोकून बोलायला लागलं, की ती दाखवलेलीच काच नवी म्हणून पुन्हा पुढे सरकवायची. ठरवून बोलणारा तिथे हमखास सापडायचा.

“नावं सांगायची नाहीत,” ती म्हणाली. “मी नमुने लावते. एक, दोन, तीन, चार. तू फक्त कुठला बरा ते सांग.”

“माईक तीन आहेत.”

“नमुने चार आहेत.”

आईने भुवई उंचावली, पण हेडफोन नीट केले. “लाव.”

कॉम्प्युटरचं तोंड लेकीने स्वतःकडे वळवलं. कादंबरीतला पहिलाच परिच्छेद चारदा. पहिल्या नमुन्याला आईने नाक मुरडलं. दुसऱ्याला हाताने बंद करण्याची खूण केली. “हा शिट्टीवाला. याला आधी परत कर.” तिसरा तिने शेवटपर्यंत ऐकला आणि मग म्हणाली, “वाळू.”

तिसरा चंदेरी होता. चौथाही चंदेरीच होता. लेकीने चौथा लावला.

आई थोडी पुढे झुकली. तिचा हात टेबलावर होता, तो हळूच उचलून तिने हेडफोनवर दाबून धरला. परिच्छेद संपला तरी ती तशीच बसून राहिली.

“पुन्हा लाव.”

लेकीने पुन्हा लावला. आईचे डोळे मिटले होते. तिच्या तोंडावर जे दिसत होतं ते लेकीने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

“हा,” आई म्हणाली. “हा खरा माईक. वाळू नाही, काही नाही. शब्द कसा अलगद खाली ठेवलाय. हाच घ्यायचा.”

सापडली, लेकीच्या मनात आलं. तोच माईक, तिसऱ्याला वाळू आणि चौथ्याला अलगद. आता हसत हसत सांगायचं, की आई, दोन्ही एकच आहेत, म्हणजे दोष माईकचा नाही. तिने तोंड उघडलं, आणि सांगण्याआधी खात्री म्हणून फाईलचं नाव पाहिलं.

तो आईचा आवाज नव्हता. तिचा स्वतःचा होता.

आईचा घसा उगाच दमू नये म्हणून प्रत्येक माईकवर आधी लेकच तो परिच्छेद वाचून बघायची, आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवायला. सकाळच्या घाईत चौथ्या जागी तिने आपलीच चाचणी ओढून आणून ठेवली होती. फोनवर लोक तिला नेहमी आई समजायचे, तिने ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा “नमस्कार बाई” म्हणून सुरू व्हायचा, आणि तिला “थांबा, आईला देते” म्हणायची सवयच लागली होती. पण खुद्द आईची फसगत व्हावी?

दुसऱ्याची चोरी पकडायला गेलेली लेक स्वतःच तोंडघशी पडली होती. आता खरं सांगितलं तर आईला एका दमात दोन गोष्टी कळणार होत्या. वाळू लागलेला आवाज कुणाचा, आणि तिला आवडलेला कुणाचा.

“चंदेरी आहे तो,” लेक म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

“मग तो ठेव. बाकीचे खोक्यात घाल.”

लेकीने काळा आणि बुटका खोक्यांत घातले, वायरी गुंडाळल्या, गुंडाळलेल्या पुन्हा सोडून गुंडाळल्या. थोड्या वेळाने आई त्या चंदेरी माईकसमोर बसून नमुना वाचणार, ऐकणार, तिला पुन्हा वाळू लागणार, आणि आता बोट दाखवायला एकही माईक उरलेला नसणार. आईला तिथे एकटं गाठल्यासारखं होणार होतं, आणि ते आपल्या हातून होणार होतं.

“आई, नमुना उद्या पाठवला तर नाही का चालणार?”

“आज म्हटलंय तर आज.” आई खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात ठेवून सावरली आणि बाजूला झाली. “बस.”

“कुठे?”

“माझ्या डोक्यावर. इथे, खुर्चीत बस. माईकसमोर.”

लेक उभीच राहिली. हातातली वायर तिने खाली ठेवली.

“आई, ते चुकून झालं गं. मी आवाज तपासायला म्हणून वाचलं होतं, आणि घाईत…”

“चुकून झालं ते कळलं मला. मुद्दाम करण्याइतकी तू बेरकी नाहीस.”

“कधी कळलं?”

“दुसऱ्या वाक्याला. ‘आणि’च्या आधी तू श्वास घेतेस. तिथे मी जन्मात श्वास घेतला नाही. घेतला असता तर आमच्या साहेबांनी घरी बसवलं असतं मला.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

आईने हेडफोन हातात घेतले होते. त्यांच्या गाद्या ती रुमालाने पुसू लागली, आधी एक, मग दुसरी.

“ऐकत होते,” ती म्हणाली. “बरं वाटत होतं ऐकायला.” मग रुमालाची घडी घालता घालता म्हणाली, “तिन्हीच्या तिन्ही माईक एकदम खराब निघत नाहीत गं. पहिल्याच दिवशी शंका आली होती मला. पण म्हटलं, बघू तरी, एखादा निघतोय का आपल्या बाजूचा.”

लेकीने बाहीने डोळे पुसले. ती आईचा हात धरायला गेली, तर आईने तो सोडवून घेतला.

“आता रडायचं नाही. रडलेला गळा तासभर बसतो, आणि आपल्याला संध्याकाळच्या आत पाठवायचंय.”

“पण त्यांना तू हवी आहेस. माझा आवाज कोण घेणार? मी चष्मे विकते, आई.”

“मी रेडिओत गेले तेव्हा शिकवण्या घेत होते.”

एवढं बोलून आईने फोन उचलला आणि प्रकाशकाला लावला. पलीकडून काय बोललं जात होतं ते लेकीला ऐकू येत नव्हतं. आईचं बोलणं मात्र अगदी बातम्यांसारखं होतं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

“बोलतेय. हो, नमुना आजच येतोय. वाचणार माझी लेक आहे. नाही, मी नाही. नाही, तब्येत ठणठणीत आहे. आधी ऐका, मग बोला. नाही आवडलं तर तसं सांगा, आम्हाला राग यायचा नाही. पण तुम्हाला आवडेल.” मग थोडं थांबून, “मी असणार आहे ना. पानोपान ऐकायला मी बसणार आहे. वाटेल तसं वाचलेलं माझ्या घरातून बाहेर जात नाही.”

फोन ठेवून तिने लेकीकडे पाहिलं. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, हे लेकीला आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं. ती माईकसमोर बसली. आईने बाजूची खुर्ची ओढून घेतली, हेडफोन लावले आणि कादंबरीचं पहिलं पान तिच्यापुढे नीट धरलं.

“रविवारी दिवसभर आणि रोज दुकानातून आल्यावर थोडं थोडं,” आई म्हणाली. “चार-सहा महिन्यांत होईल. चल.”

लेकीने लाल बटण दाबलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य चांगलं गेलं. दुसरंही. तिसऱ्याच्या मध्यावर आईने हात वर केला.

“पुन्हा.”

“काय चुकलं?”

“चुकलं काहीच नाही. पण हे मी वाचलं असतं तसं आहे. मला माहितीये ते कसं लागतं. तुझं वाच.”

“माझं कसं ते मला काय ठाऊक?”

“मघाशी चौथ्या नमुन्यात ठाऊक होतं की. तेव्हा कुणी ऐकत नाहीये असं वाटत होतं तुला.”

लेक हसली. तिने कोमट पाण्याचा घोट घेतला, खांदे सैल सोडले आणि पानाच्या पहिल्या ओळीवर परत आली. या वेळी ती सावकाश वाचत गेली. दुसऱ्या वाक्यात ‘आणि’ दिसलं तसा तिचा आवाज अडखळला, पण थांबला नाही. तिने त्याच्या आधी भरपूर श्वास घेतला, चंदेरी माईकला स्पष्ट ऐकू जाईल असा.

आईने हात वर केला नाही.