जनरलची खोली

“तुळईला भोक कशाला पाडताय, बाई?” शिडीचा पाय धरून ऑर्विलने विचारलं.

“पेन्सिलीएवढंच आहे. वलयं मोजली की झाड कधी तोडलं ते कळतं.” वर चढलेली इंगा विद्यापीठातून आली होती.

ऑर्विलला हे लक्षण बरं दिसेना. मार्लो फेरी गावच्या या जुन्या सराईत १८१३ साली जनरल ब्रॅनॉक मुक्कामाला होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं दर शनिवारी तो ती खोली लोकांना दाखवत होता. जनरलने बूट कुठे काढले, ओहायो नदीकडे बघून काय म्हणाले, सगळं तोंडपाठ. आणि ही कालची पोर लाकडाची साक्ष काढणार! दिवसभर तो तिच्या पाळतीवर राहिला. ती हात धुवायला गेली तेव्हा त्याने तिची पिशवीसुद्धा उघडून पाहिली. आत सँडविच आणि लाकडाच्या बारीक कांड्या.

महिन्याने सराई सांभाळणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने विद्यापीठाचं पाकीट आलं. जन्मात कुणाचं टपाल न फोडलेल्या ऑर्विलने ते फोडलं. तुळईचं झाड १८२९ साली तोडलेलं. जनरल वारून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

तो तडक अध्यक्षबाईंच्या, लुएलाच्या स्वयंपाकघरात शिरला. ती सफरचंदं सोलत होती.

“त्या पोरीनं घोळ घातलाय, लुएला. दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ.”

लुएलाने कागद वाचला, घडी घातली. “घोळ नाही रे. जुनी सराई पुरात गेली, ही नंतरची. आमच्या बाबांनाही ठाऊक होतं. टाक चुलीत नि सांगत राहा.”

“तुला माहीत होतं?”

“अख्ख्या गावाला माहितीये. तू इतकं रंगवून सांगायचास, आम्हाला वाटलं, तुलाही माहीत असणार.”

परतताना न्हाव्याने काचेआडून हात केला. नेहमीचाच हात, पण ऑर्विलला त्यामागचं हसू शोधावंसं वाटलं. बेकरीतल्या बाईने “काय म्हणतात जनरल?” विचारलं, तेव्हा तो झपाझप पुढे गेला.

शनिवारी सहा पाहुणे आले. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हळूच विचारलं, “जनरल याच पलंगावर झोपले का?”

“नाही, साहेब. जनरल इथे आलेच नव्हते. हे घर त्यांच्यानंतरचं आहे.”

कुणीतरी कॅमेरा पिशवीत ठेवला. एकेक करून माणसं जिना उतरली. म्हातारा तेवढा रेंगाळला.

“मग इथे झोपायचं कोण?”

“ठाऊक नाही,” ऑर्विल म्हणाला. मग पलंगाभोवतीची दोरी ओलांडून तो काठावर बसला, आणि शेजारची जागा त्याने म्हाताऱ्यासाठी हाताने साफ करून दिली.