पारशिवनीच्या वाट्याचा नायट्रोजन

मनोहररावांचे भर व्हरांड्यात कान उपटावेत, असं सुभद्राला त्या दिवशी वाटलं, आणि त्यात तिची काडीची चूक नव्हती.

गोष्ट १९८८ सालची. नागपूरच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात अणूंच्या नियमांनी गणित करणाऱ्या यंत्राचा आराखडा काढायची. लोक हसायचे. हसोत बापडे! यंत्राचा पहिला सांधा तिने थंडीत विनाअडथळा वीज वाहून नेणाऱ्या, भट्टीत भाजलेल्या काळ्या वडीतून घडवलाही होता. आता द्रव नायट्रोजनच्या थंडीत सलग चार तास त्याची मोजणी करायची आणि आकडे महिनाअखेर पैसे देणाऱ्या दिल्लीच्या खात्याला धाडायचे, एवढं उरलं होतं. नाहीतर काम बंद, असं दिल्लीने साफ कळवलं होतं.

हा नायट्रोजन मिळायचा गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात; तिथे वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवत. तिथल्या बळीरामने पारशिवनी तालुक्याच्या वाट्याचा कॅन तिला आणून दिला.

"अन् तिथल्या गाई?" तिने विचारलं.

"गाय एकवीस दिवसानं पुन्हा माजावर येते, बाई. तुमची दिल्ली थांबते का?"

दुपारी तास संपवून ती प्रयोगशाळेत आली, तर कॅन गायब. बाहेर व्हरांड्यात टाळ्या चाललेल्या. विभागप्रमुख मनोहरराव एका पाहुण्या पुढाऱ्यासमोर गुलाब नायट्रोजनमध्ये बुडवून टेबलावर आपटत होते. फूल काचेसारखं फुटायचं, पुढारी खूश व्हायचा, की लगेच दुसरं फूल. कॅनमधला नायट्रोजन तळाला गेला होता.

पाहुणे जाताच ती कडाडली, "सर, हा माझ्या मोजणीचा नायट्रोजन होता! पुढचा मिळेस्तोवर महिना सरेल."

"एवढं काय त्यात? आकडे अंदाजाने भरा. दिल्लीत कोण तपासून राहिलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बळीरामने विश्वासाने दिलेलं या माणसाने फुलांवर उधळलं, आणि वर खोटं लिहायला सांगतो! चोर तो चोर, वर शिरजोर. तिने तिथेच कागद ओढला. 'मोजणी झाली नाही. विभागप्रमुखांनी सगळा नायट्रोजन गुलाब फोडण्यात संपवला,' असं लिहून खाली सही ठोकली आणि सीताबर्डीच्या पोस्टातून स्वतः दिल्लीला पत्र रजिस्टर केलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिचं काम बंद. गुलाबाचा प्रयोग मात्र वरच्यांना फार आवडला होता. तो जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत दाखवावा, आणि त्यासाठी लागणारा नायट्रोजन सुभद्राबाईंनी मिळवून द्यावा.