तळघरातलं लाल बटण

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बेंटो मेदेइरोस अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातल्या आपल्या घराच्या तळघरात उतरत नसत. खाली बॉयलरमध्ये वाफ व्हायची, वर खोल्याखोल्यांतले रेडिएटर सुसकारत तापायचे, आणि त्यापलीकडे म्हाताऱ्याला काही जाणून घ्यायचं नव्हतं.

त्यांच्या मुलीला, मेनाला, मात्र स्वस्थता नव्हती. पलीकडच्या गल्लीत एका घराचा बॉयलर फुटला, तेव्हापासून तिने धोशाच लावला. शेवटी थंडी पडायच्या आत तिने गिल मिस्त्रीला बोलावून दाबाचा दुसरा स्विच बसवून घेतला. पहिला स्विच दाब चढला की आग विझवायचा आणि उतरला की आपोआप पेटवायचा. तो चुकलाच, तर हा दुसरा बॉयलर बंद पाडणार, आणि कुणीतरी त्याचं लाल बटण हाताने दाबेपर्यंत तो बंदच राहणार.

"तुझी आई होती तेव्हा एकावरच भागत होतं," बेंटो कुरकुरले. "आता हा दुसरा जावयासारखा आणून बसवलास."

"खरा जावई काही मी आणत नाही, पापा. याच्यावरच समाधान माना."

गिल जाताना बजावून गेला, "हे बटण उडालं म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. नुसतं दाबत बसू नका, मला बोलवा."

जानेवारीत बर्फाचं वादळ आलं आणि रस्ते बंद झाले. मेना जवळच्या प्रॉव्हिडन्स शहरात एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामावर अडकली होती. तिथे बेंटोंचा फोन आला.

"घर गार पडलंय गं."

तिने गिलला फोन लावला. त्याच्याकडे अर्ध्या गावाची रड होती. रस्ता मोकळा झाला की आधी तुमच्याकडेच येतो, म्हणाला. तोवर म्हाताऱ्याने काय करायचं? मेनाने वडिलांना परत फोन केला.

"पापा, कठड्याला धरून सावकाश खाली जा. लाल बटण दाबा आणि वर या. एकदाच."

बऱ्याच वेळाने पलीकडून धापा टाकत आवाज आला, "पेटला. तुझा बाप अजून कामाचा आहे म्हणायचा."

तिला हसू आलं. जीव भांड्यात पडला. आणि तिने गिलला कळवलं, "झालं सुरू. आता घाई नाही, सवडीने या."

दुसऱ्या दिवशी ती फोन करत राहिली, कुणी उचलेना. रस्ता उघडताच ती निघाली. घरात शिरताना तोंडातून वाफ येत होती. तळघराचं दार उघडं होतं. बेंटो जिन्याच्या पायथ्याशी पडले होते. अंगात कोट, पायात घरातल्याच सपाता. बॉयलर पुन्हा बंद पडला होता आणि मुलीला कशाला त्रास, म्हणून ते आपणच निघाले होते. बटणापर्यंत पोचलेच नाहीत.

खुबा मोडला होता, पण जीव गेला तो थंडीने, डॉक्टर म्हणाले. म्हणजे वेळ लागला असणार. मेनाने पुढे विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर गिल आला. पहिल्या स्विचखालची वळणदार नळी सोडवून त्याने ती कागदावर आपटली. काळा गाळ पडला.

"ही चोंदली होती. त्याला दाब कळतच नव्हता. दुसऱ्याची नळी वेगळी, म्हणून त्याने बंद केलं. त्याने त्याचं काम केलं, मेना."

"तो नसता तर पापा वर असते."

"दाब वाढतच गेला असता."

"मग फुटला असता?"

गिल नळी पुसत राहिला. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं असावं. "आणखी एक झडप आहे. ती उघडून वाफ सोडून देते. बहुतेक उघडली असती."

"बहुतेक," मेना म्हणाली.

त्याने नळी घट्ट केली, लाल बटण दाबलं. आग भडकून पेटली.

"बंद करून टाका," ती म्हणाली. "कुणासाठी तापवायचं आता?"

"नको. पाण्याचे नळ गोठून फुटतील. उन्हाळ्यापर्यंत चालूच ठेवावा लागेल."

तो गेल्यावर ती वर येऊन वडिलांच्या खोलीत बसली. रेडिएटर सुसकारू लागला. हळूहळू खोली छान उबदार झाली, इतकी की तिला कोट काढावा लागला.