हळदीच्या सांजेला मी उजेड उतरवला

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही. वाशीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचाही आधी बसला नव्हता. मी एकदा भर दुपारी दोन वाजता संध्याकाळ केली. ते बिचारे चिखलातलं जेवण अर्धवट टाकून घरी निघाले. निम्म्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आलं, की सूर्य अजून डोक्यावरच आहे आणि ही करामत भलत्याच कुणाची तरी आहे.

ती माझी होती. मी एक जुना ड्रायव्हर आहे. ट्रकचा नव्हे, मला खाकी कपडे नाहीत आणि लायसनही नाही. मी विटेएवढा पत्र्याचा डबा आहे. भिंतीतली वीज फार दांडगट असते आणि एलईडीच्या पट्ट्या फार नाजूक. माझ्या पट्ट्यांना चोवीस व्होल्टच सोसतात. त्या दांडगटाला चुचकारून, शांत करून पट्टीकडे पाठवायचं, हा माझा धंदा. शिवाय मी डिमेबल आहे. भिंतीवरची कळ जशी फिरवाल तसा उजेड मी उतरवतो किंवा चढवतो, तोही न लुकलुकता.

हल्ली माझा मुक्काम उलव्याच्या गावठाणात, शिवादादांच्या हॉलमध्ये आहे. छताखालच्या जाळीच्या कप्प्यात मी वारा खात बसतो. खाली सतरंजीवर तुम्ही मुलं बसला आहात. मागे भिंतीला टेकून सुमित्राबाई बसल्या आहेत. त्या गावच्या धवलारीण. लग्नाचे विधी त्या सांगतात आणि धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गातात. पण त्यांचे डोळे मिटलेले दिसतात. डुलकी लागली असावी. बरं झालं. म्हातारी माणसं जागी असली की गोष्ट सांगताना जीभ अडखळते.

माझा जन्म तळोज्यातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याची तार आहे. ती सरळ केली तर उलव्याहून थेट साताऱ्याला पोचेल, आणि उरलेल्या तुकड्यात म्हशीला दावं होईल. तपासणीच्या टेबलावर मला पूर्ण भार देऊन तापवलं, तेव्हा शेजारचे डबे डासांसारखे गुणगुणू लागले. मी हूं की चूं केलं नाही. त्या दिवसापासून कारखान्यात कुणी फार बोललं की त्याला माझं उदाहरण देत.

पुढे वाशीतल्या एका साड्यांच्या दुकानात मी सात वर्षं नोकरी केली. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "या उजेडात बघा, ताई, रंग खुलतो!" ताई बघायच्या आणि साडी घ्यायच्या. रोहित पक्ष्यांचा तो प्रकार याच दुकानातला. मग दुकानाचं नवं रूप करायचं ठरलं. जुनं छत उतरवलं आणि त्याच्याबरोबर मलाही खोक्यात टाकलं. सात वर्षांत एक दिवस रजा घेतली नव्हती मी.

साताऱ्याकडच्या विश्वजित यांचं जवळच विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी मला उचललं, तपासलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तिथे दोन वर्षं माझ्या डोक्यावर एक पाल राहायची. थंडीत ती मला बिलगायची. पण वीज नसताना मी तिला ऊब कुठून देणार? मित्रांनो, एवढी एक गोष्ट मात्र मी वाढवून सांगत नाही.

आणि मग एके सकाळी केतन आला.

केतन म्हणजे शिवादादांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीची, रंजिताची, हळद होती. त्यानं हॉलसाठी स्वतःच्या हातांनी दिवे केले होते. पट्टी मापानं कापली, सांध्यांना डाख दिला, अॅल्युमिनियमच्या खोबणीत बसवली आणि छताला दोन्ही लांब बाजूंनी लावली. काम देखणं होतं. घोटाळा पुढे झाला. त्यानं हाताला लागेल तो स्वस्त ड्रायव्हर आणला. शिवादादा म्हणाले, "एसी लागला, पंखा निघाला. त्याचा रेग्युलेटर भिंतीत फुकट पडलाय, त्यालाच जोड की!" आगरी माणसानं कष्टाचं घर बांधलं की त्यातलं बटणसुद्धा वाया जाऊ देत नाही. जोडलं. आणि छतावर वीज नाचायला लागली.

नेमक्या त्याच वेळी सुमित्राबाई हळदीची जागा बघायला आल्या. त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला.

"केतन बाला, यो उजेड हाय का तरास? माजे डोल्यांचा आप्रेशन झालाय. आन् या झगमगाटाचे म्होरं माजा दिवा कोनाला दिसंल? मी नाय गानार."

"मग दिवे बंद करू, आजी!"

"आन् मंग त्या फोनवाल्याला काय दिसंल, माजा कपाल?"

कारण रंजिताची एकच हौस होती. हळदीला सुमित्राबाईंचे धवले व्हावेत आणि ते फोनवर चित्रित करून ठेवावेत. गावात सगळे धवले पाठ असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या. अंधारात चित्रण होत नव्हतं आणि त्या लुकलुकीत फोनच्या पडद्यावर नुसते काळे पट्टे सरकत होते. शिवादादा म्हणाले, "नाय तर नाय. डीजे सांगितलाय ना?"  रंजिता त्या दिवशी जेवायलाच बसली नाही.

हे सगळं केतननं विश्वजितना एका दमात सांगितलं आणि म्हणाला, "दादा, लय टेन्शन झालंय. चांगल्यातला ड्रायव्हर द्या."

"आरं, चांगला म्हंजी काय आंबा हाय व्हय?" विश्वजित म्हणाले. "पट्टी किती व्होल्टची?"

"चोवीस."

"मग ड्रायव्हर चोवीसचाच. बाराचा न्हाई, छत्तीसचा न्हाई. मीटरला किती वॅट खाती?"

"दहा. आणि दहा मीटर आहे. म्हणजे शंभर. शंभराचा द्या."

विश्वजित हसले. "तुमच्यात हळदीला शंभर माणसं सांगितली तर जेवण किती जणांचं करता?"

"शंभराचं कोण करतो? सव्वाशेच्या खाली नाय. आगरी हळद आहे, दादा!"

"मग ड्रायव्हरला का उपाशी मारतुयास? सव्वाशेच्या खाली घ्यायचा न्हाई. आणि आधी किती वॅटचा लावला हुतास?"

"साठचा," केतन पुटपुटला.

"वा! साठ जणांच्या पातेल्यात शंभरांची पंगत! आणि वर पंख्याचा रेग्युलेटर! लेका, त्यो पंख्यासाठी असतो. ड्रायव्हर डिमेबल पाहिजे, डिमर एलईडीचा पाहिजे, आणि दोघांची पत्रिका जुळाय पाहिजे. बहिणीची बघितलीस न्हवं? मग ह्यांची का न्हाई?"

"बघतो ना. पण उद्या हळद आहे."

नवा माल यायला चार दिवस लागणार होते. विश्वजितनी वर पाहिलं. पाल पळाली. मी खाली आलो.

"ह्यो दीडशे वॅटचा. जुना हाय, पण इमानी हाय. माझ्या शब्दावर घिऊ नकोस. हितंच बघ."

त्यांनी मला तेवढ्याच भाराची पट्टी जोडली, माझ्या जोडीचा डिमर लावला आणि अर्धा तास पेटता ठेवला. दोन वर्षांनी माझ्या अंगात वीज आली, मित्रांनो! मी असा उजळलो, की उलव्याच्या विमानतळावर उतरू पाहणारं एक विमान वाशीकडे वळलं. वैमानिकानं खिडकीतून माझी माफीही मागितली. केतननं माझ्या पाठीवर हात ठेवून पाहिला. कोमट होती, चटका नव्हता. मग कळ अगदी खाली आणून फोनचा कॅमेरा समोर धरला. एकही काळा पट्टा नाही. कान लावला. गुणगुणही नाही.

"हाच," केतन म्हणाला.

संध्याकाळी वायरमन आला. मेन बंद करून त्यानं मला या जाळीत बसवलं आणि रेग्युलेटर काढून मागच्या भिंतीवर खालच्या बाजूला पांढरा डिमर लावला. त्या कळीवर आज जो पिवळा डाग दिसतो ना, तो माझ्या उजेडाचा आहे. इतका दाट उजेड मी दिला, की थोडा कळीवरच गोठला.

दुसऱ्या दिवशी सांजेला हळद. हॉल भरला. सुमित्राबाई आल्या, पण दारातच थांबल्या. मी तेव्हा पूर्ण पेटलेला होतो. त्यांचा हात पुन्हा पदराकडे गेला. केतनच्या दोन्ही हातांत आणखी पाटांचं ओझं. फोनवाला फोन धरून उभा. पाटावर बसलेली रंजिता त्यांच्याकडे बघत होती. बाहेर डीजेवाला वायरी जोडत होता.

मित्रांनो, आता नीट ऐका. सुमित्राबाई आत आल्या, भिंतीशी आपल्या जागेवर बसल्या, दिवा लावला, हळदीत बोटं बुडवली. आणि त्या क्षणी, कळीला कुणाचाही हात लागलेला नसताना, मी आपणहून उजेड उतरवू लागलो. थोरांसमोर आवाज खाली घ्यावा, तसा. अर्ध्यावर आलो. पावावर आलो. जिथे दिव्याची ज्योत रंजिताच्या गालावर दिसू लागली, तिथे थांबलो. लुकलुकलो नाही. सुमित्राबाईंनी पदर खाली घेतला आणि पहिला धवला उचलला. शिवादादांनी बाहेर जाऊन डीजेवाल्याला खूण केली आणि तो हात जोडून दारातच बसला. सगळे धवले झाले. रंजिता सासरी गेली ती त्यांचं चित्रण घेऊन. ते ऐकते तेव्हा ती मला हाक मारते म्हणे.

मी सुखात आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो, की माझ्या भावंडांना सांभाळा. त्यांच्यावर शेवटच्या वॅटपर्यंत भार घालू नका. त्यांना गादीखाली, कापसात कोंडू नका. वारा लागू द्या. त्यांची जोडी पंख्याच्या रेग्युलेटरशी लावू नका. आणि कुणी जुनं झालं म्हणून खोक्यात टाकण्याआधी एकदा वीज देऊन बघा. कारण यंत्रालाही मन असतं, मित्रांनो. नाहीतर कुणी हात न लावता मी त्या सांजेला आपणहून कसा...

"खोटा बोलतंस, मेल्या!"

सगळी मुलं गर्रकन मागे वळली. सुमित्राबाईंचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

"हात लावला नाय म्हनं! ज्याचे डोले त्याचेच हाती कल, आसा बोलून केतननी ती मुद्दाम माजे बाजूला लावून घेतलेली. मीच फिरवली. आन् तो डाग उजेडाचा नाय रं, पोरांनो. जवल जाऊन बगा. माजा हलदीचा आंगठा हाय तो!"