डायरेक्ट करून टाक!

टॅक्सीवाल्या बोआडूनं माझ्या भावाच्या कानाखाली जाळ काढला, तेव्हा मी त्याच्याच टॅक्सीच्या बॉनेटखाली डोकं घातलं होतं.

“मामांना घेऊन मयताला जायचंय, आणि एसी गरम फुंकतोय! बहीणभावानं मिळून काय गवत उपटलंत?”

अम्पोन्सा गाल धरून उभा. एवढा थोराड बाप्या, पण कुणी हात उगारला की मांजर होतो. बापानं लहानपणी बडवून बडवून तसाच करून ठेवलाय. माझं टाळकं सटकलं.

“हात आवर बोआडू, नाहीतर तोंड फोडीन! दाब मोजणारा सेन्सर ठणठणीत आहे. पुढचा पंखा बंद पडलाय. वारा नाही म्हणून गॅस तापतो, पाइपात दाब चढतो. सेन्सरला ते कळतं, म्हणून गॅस दाबणारा कॉम्प्रेसर थांबतो. तुझ्याच भल्यासाठी थांबतो, मेल्या!”

“मग डायरेक्ट करून टाक की!”

आमच्या सुआमे मॅगझिन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत, अख्ख्या कुमासी शहराच्या बिघडलेल्या गाड्या जिथं येऊन पडतात तिथं, सगळ्यांचा हाच मंत्र. काही चालेना, की बॅटरीची वायर थेट जोडायची. पंख्याला जोडली तर ठीक. कॉम्प्रेसरला जोडली, की दाब चढतच जातो आणि सेन्सर बसतो बोंबलत, कोण ऐकतंय त्याचं!

अम्पोन्साला मी बजावलं, “पंखा मोकळा कर. मी जाड वायर आणते, त्यालाच डायरेक्ट देऊ. कॉम्प्रेसरला हात लावलास तर बघ!”

परत येते तो बोआडू काचा वर करून आत थंडगार बसलेला, इंजिन घुमतंय, मांडीवर चाकाचा पाना. अम्पोन्सा बॉनेटखाली वाकलेला, ओठ फुटून रक्त गळतंय. पंखा निपचित आणि कॉम्प्रेसरला वायर.

“उपट ती वायर!” मी किंचाळले.

अम्पोन्साचा हात वायरीकडे गेला. आतून बोआडूनं पाना काचेवर आपटला, तसा हात तिथंच थिजला. आणि सांधा मारलेला जुना पाइप फाटला. फाडकन आवाज, पांढरा धूर, माझ्या भावाची किंकाळी. गॅस सरळ डोळ्यांत गेला होता.

शेजारचे मेकॅनिक पाण्याचे डबे घेऊन त्याच्याकडे धावले. मी बोआडूला कॉलर धरून बाहेर खेचला, पाना हिसकावला आणि गुडघ्यावर हाणला. हाड वाजलं. पुन्हा हाणला.

“डायरेक्ट पाहिजे होतं ना? घे! घे डायरेक्ट!”

तो गुरासारखा ओरडत होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

मागून अम्पोन्साचा आवाज आला. चिखलात बसलेला, डोळे सुजून मिटलेले, दोन्ही हात डोक्यावर. माझ्या प्रत्येक फटक्याला तो दचकत होता.

“काढतो वायर, काढतो... मारू नका.”

“मी आहे रे अम्पोन्सा. तुझी ताई.”

तरी त्यानं हात खाली घेतले नाहीत.