भिंतीकडे तोंड

मास्तरांच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. निवृत्त मास्तरांचा गौरव अंक निघणार होता आणि त्यांना या जुन्या विद्यार्थ्याकडून एक आठवण लिहून हवी होती. लहानपणी शाळेत ग्रंथपाल वाचताना अडखळले, की मास्तर त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करत. "भागूबाई, आता भिंतीला वाचून दाखव!" वर्ग खदखदून हसे. तो डूख त्यांनी अजून धरला होता.

"अहो, चार गोड शब्द लिहा नि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"खोटं लिहू?"

"मग खरं लिहा. पण कच खाऊ नका."

बरीच खोडाखोड करून त्यांनी लिहिलं, 'सरांचा चेहरा मला आठवत नाही. त्यांच्या वर्गातल्या भिंतीचे पोपडे मात्र तोंडपाठ आहेत. हे जसंच्या तसं छापावं.'

खाली ठसठशीत सही केली आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.